‘अस्थिरता’ आणि तिच्या आसपासचे शब्द : नेमका शब्द कसा निवडावा

मराठी वर्तमानपत्राचे कोणतेही पान उघडले तरी ‘अस्थिरता’ हा शब्द कोठे ना कोठे भेटतोच. राजकीय अस्थिरता, बाजारातील अस्थिरता, हवामानाची अस्थिरता, नोकरीतील अस्थिरता, मनाची अस्थिरता अशा अगदी वेगवेगळ्या गोष्टी आपण या एकाच शब्दाच्या हवाली करतो. शब्द दर वेळी चुकीचा असतो असे नाही, परंतु तो इतक्या ठिकाणी वापरला जातो की वाचणाऱ्याला काहीतरी ठीक नाही एवढेच कळते, नेमके काय ठीक नाही ते कळत नाही. मुंबईत जुन्या चाळीच्या सज्जाला लागलेला टेकू, दलाल स्ट्रीटवरचे भाव आणि मंत्रालयातील सत्तेची गणिते या तिन्हींसाठी हाच शब्द येतो, आणि त्यावरून कोणाला घर सोडायचे असते तर कोणाला गुंतवणूक मोडायची की नाही हे ठरवायचे असते. म्हणून येथे शब्दाची निवड हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही. पुढील विवेचन बातमी, सूचना, अहवाल, भाषांतर किंवा परीक्षेतील निबंध लिहिणाऱ्यांसाठी आहे.

आधी मूळ अर्थ पक्का करावा

‘स्थिर’ हा शब्द ‘उभे राहणे, टिकून राहणे’ या अर्थाच्या संस्कृत ‘स्था’ धातूशी जोडलेला आहे. त्याला नकारार्थी ‘अ’ लागून ‘अस्थिर’ होतो आणि त्यावरून ‘अस्थिरता’. येथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. गफलत होते ती पुढे, कारण आपण ‘जे हलते ते अस्थिर’ असे मनाशी धरून चालतो.

या बाबतीत पदार्थविज्ञानाने केलेली फोड लिहिणाऱ्याला फार उपयोगी पडते. वाटीच्या तळाशी ठेवलेली गोटी ढकलली तर ती इकडेतिकडे हलते आणि पुन्हा तळाशी येऊन थांबते. हा स्थिर समतोल. तीच वाटी पालथी घालून तिच्या माथ्यावर गोटी अलगद ठेवली तर ती काही काळ अगदी स्वस्थ बसेल, परंतु जरासा धक्का लागताच घरंगळून जाईल आणि परत येणार नाही. हा अस्थिर समतोल. सपाट फरशीवरची गोटी ढकलली तर जेथे जाईल तेथेच राहते, त्याला उदासीन समतोल म्हणतात. यातून निघणारी गोष्ट अशी, की हलणे म्हणजे अस्थिरता नव्हे, तर हलल्यावर पूर्वस्थितीला परत न येता तिच्यापासून दूर दूर जात राहणे ही अस्थिरता होय. गेटवेहून घारापुरीला जाणारी लाँच पावसाळ्याच्या तोंडावर चांगलीच हेलकावे खाते, तरी प्रत्येक हेलकाव्यानंतर ती पुन्हा सरळ होते, म्हणून ती स्थिर आहे. उलट एका मताच्या फरकावर उभे असलेले सरकार महिनोन्महिने शांतपणे कारभार करत असले, तरी ते अस्थिरच असते. 17 एप्रिल 1999 रोजी केंद्रातील सरकार विश्वासदर्शक ठरावावर 269 विरुद्ध 270 अशा एका मताने पडले. ते अस्थिर मात्र त्या दिवशी झाले नव्हते, आधीपासूनच होते.

हा फरक एकदा मनात रुजला की निम्मे काम होते.

विरुद्ध अर्थाचा शब्द शोधून पाहावा

नेमका शब्द सापडत नसेल तर आपल्या वाक्यात कशाचा अभाव सांगायचा आहे ते शोधावे. माझ्या मते ही युक्ती समानार्थी शब्दांच्या याद्यांपेक्षा कितीतरी भरवशाची आहे, कारण यादी शब्दांमधील साम्य दाखवते आणि लिहिणाऱ्याला गरज असते ती फरकाची. भक्कमपणा नाही असे म्हणायचे असेल तर ‘डळमळीत’ किंवा ‘खिळखिळे’. ठामपणा नसेल तर ‘दोलायमान’ किंवा ‘धरसोडीचे’. कायमपण नसेल तर ‘तात्पुरते’, ‘हंगामी’ किंवा ‘अस्थायी’. खात्री नसेल तर ‘अनिश्चित’. एकाग्रता नसेल तर ‘चंचल’, शाश्वतता नसेल तर ‘क्षणभंगुर’ किंवा ‘अशाश्वत’. यांपैकी एकही जोडी जुळली नाही आणि ‘स्थैर्य’ हाच विरुद्ध शब्द मनात आला, तर मात्र ‘अस्थिरता’ निःशंकपणे लिहावे.

‘अस्थिरता’ आणि ‘अनिश्चितता’ यांची सरमिसळ सर्वांत जास्त होते. अस्थिरता ही वस्तूच्या ठिकाणी असते आणि अनिश्चितता आपल्या ज्ञानात असते. दहावीचा निकाल लागेपर्यंत विद्यार्थ्याच्या प्रवेशाबाबत अनिश्चितता असते, पण त्याचे गुण काही अस्थिर नसतात. ते उत्तरपत्रिकेवर केव्हाच ठरून गेलेले असतात. 2019 च्या विधानसभा निवडणुकीचा निकाल 24 ऑक्टोबरला लागला आणि 12 नोव्हेंबरला महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट आली. त्या मधल्या काळाला सर्रास ‘राजकीय अस्थिरता’ म्हटले गेले. वस्तुतः नवे सरकार अद्याप आलेच नव्हते, तेव्हा अस्थिर म्हणायचे तरी कोणाला? ‘सत्तास्थापनेचा पेच’ हे त्या दिवसांचे अचूक वर्णन होते. 23 नोव्हेंबरला सकाळी शपथविधी होऊन 26 तारखेला मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, त्या चार दिवसांच्या सरकारला मात्र ‘अस्थिर’ हे विशेषण पूर्णपणे लागू पडते.

राजकारणात आणखी दोन शब्द जपून वापरावेत. कोणालाच बहुमत न मिळालेली विधानसभा ‘त्रिशंकू’ असते. विश्वामित्रांनी सदेह स्वर्गात पाठवलेला आणि मध्येच लटकलेला तो राजा या शब्दातून आजही आपल्या बातम्यांत वावरतो. ‘काळजीवाहू’ सरकार हे केवळ पुढील व्यवस्था होईपर्यंतचे असते. त्याचा काळ थोडा असला तरी ते पडण्याच्या बेतात असतेच असे नाही, त्यामुळे त्याला आपोआप ‘अस्थिर’ म्हणणे बरोबर नाही.

इमारतीची सूचना लिहिताना

येथे थोडे थांबावेसे वाटते, कारण शब्द ढिला पडला तर त्याची किंमत माणसे मोजतात. गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर पुढीलसारखी सूचना आपण अनेकदा वाचतो : ‘आपल्या इमारतीची स्थिती अस्थिर झाली असल्याने सर्व सभासदांनी सहकार्य करावे.’ या वाक्यात इमारतीचा कोणता भाग, किती बिघडलेला आणि सहकार्य म्हणजे नेमके काय, यांपैकी एकाचाही पत्ता लागत नाही. तेच वाक्य असे लिहिता येईल : ‘तिसऱ्या मजल्यावरील सज्जाचे लाकडी तीर कुजले असून त्यांना टेकू लावण्यात आले आहेत, तरी दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत त्या सज्जात कोणीही उभे राहू नये, कुंड्या किंवा पाण्याची पिंपे ठेवू नयेत आणि मुलांना तेथे खेळू देऊ नये.’ या दुसऱ्या वाक्यात ‘अस्थिर’ हा शब्दच उरला नाही, आणि तरीही ते पहिल्यापेक्षा कितीतरी स्पष्ट आहे.

कार्यालयीन भाषेतही नेमके शब्द तयार आहेत. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 353-ब नुसार 30 वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी, म्हणजे बोलीतले स्ट्रक्चरल ऑडिट, करून घ्यावी लागते. त्यानंतर मिळतो तो ‘संरचनात्मक स्थिरता’ असल्याचा दाखला. येथे ‘स्थिरता’ हा शब्द तांत्रिक अर्थाने योग्यच आहे. रिकामी करून पाडण्याजोग्या इमारतीला महापालिका ‘अस्थिर’ म्हणत नाही, ‘अतिधोकादायक’ म्हणते, आणि रहिवाशांना कळवताना आपणही तोच शब्द वापरला पाहिजे. ‘अस्थिर’ वाचून माणूस दोन दिवस विचार करतो. ‘अतिधोकादायक’ वाचून तो सामान आवरायला घेतो.

डोंगरउतारावरील वस्त्यांबाबतही हेच. ‘अस्थिर उतार’ हा भूशास्त्राचा शब्द अहवालात शोभतो, पण घाटकोपर किंवा विक्रोळीच्या टेकडीवर राहणाऱ्या कुटुंबाला ‘येथे दरड कोसळण्याचा धोका आहे’ असेच सांगायला हवे.

बाजाराविषयी लिहिताना

23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स सकाळीच 10 टक्क्यांनी कोसळल्यामुळे व्यवहार 45 मिनिटे थांबवावे लागले, आणि दिवस संपताना निर्देशांक 3,934 अंकांनी, म्हणजे 13 टक्क्यांहून अधिक, खाली आला होता. या दिवसासाठी मराठीत ‘पडझड’, ‘घसरण’, ‘आपटी’ असे रोखठोक शब्द आहेत आणि तेच वापरावेत. पुढे 7 एप्रिलला तोच निर्देशांक एका दिवसात 2,476 अंकांनी उसळला. हे दोन्ही दिवस आणि त्यांच्या दरम्यानचे हेलकावे मिळून जे चित्र तयार होते त्याला ‘अस्थिरता’ म्हणणे योग्य. थोडक्यात, एकाच दिशेने झालेला बदल कितीही मोठा असला तरी तो घसरण किंवा तेजी असतो, आणि दोन्ही दिशांनी झपाट्याने होणारा बदल म्हणजे अस्थिरता.

अर्थात, मूळ अर्थाची कसोटी लावली तर हासुद्धा ‘चढउतार’च आहे, कारण बाजार हलला म्हणून तो मोडला असे होत नाही. व्यवहारात मात्र ‘व्होलाटिलिटी’साठी ‘अस्थिरता’ हा प्रतिशब्द रूढ झालेला आहे. राष्ट्रीय शेअर बाजाराचा इंडिया व्हीआयएक्स हा निर्देशांक निफ्टीच्या ऑप्शनच्या, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करण्याच्या हक्काच्या, किमतींवरून पुढील 30 दिवसांत किती चढउतार अपेक्षित आहेत हे दाखवतो, आणि त्याला सगळेच ‘अस्थिरता निर्देशांक’ म्हणतात. हा वापर आता मोडून काढण्यात अर्थ नाही. फक्त एक पथ्य पाळावे : बँक बुडण्याची किंवा वित्तसंस्था कोलमडण्याची भीती सांगायची असेल तर तेथे ‘आर्थिक अस्थिरता’ लिहावे आणि भावांच्या वरखाली होण्याला ‘चढउतार’ म्हणावे, म्हणजे दोन वेगळे धोके वाचकाच्या मनात एक होत नाहीत. ‘उतार-चढाव’ ही हिंदीची घडण आहे. मराठीत चढ आधी येतो.

शास्त्रातील आणि आकाशातील अस्थिरता

शास्त्रीय मजकुराचे भाषांतर करताना ‘अस्थिर’ म्हणजे ‘लवकर नाहीसे होणारे’ असे समजू नये. थायरॉइडच्या उपचारात वापरले जाणारे आयोडीन-131 हे अस्थिर असून त्याचा अर्धायुष्यकाल, म्हणजे त्यातील निम्मी अणुकेंद्रके बदलून जायला लागणारा काळ, सुमारे 8 दिवसांचा आहे. कार्बन-14 हाही अस्थिरच, पण त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे 5,730 वर्षांचा. आणि युरेनियम-238 हे अस्थिर असूनही निम्मे उरायला त्याला सुमारे साडेचार अब्ज वर्षे लागतात. अणुकेंद्रक आज ना उद्या आपोआप बदलणार, एवढेच ‘अस्थिर’ सांगते, कधी बदलणार ते सांगत नाही. पालथ्या वाटीवरची गोटी येथेही आठवावी. पेट्रोल किंवा कापूर यांच्यासारखे उडून जाणारे पदार्थ मात्र ‘अस्थिर’ नव्हेत. त्यांच्यासाठी ‘बाष्पनशील’ हा शब्द आहे.

हवामानशास्त्रात वातावरणाची अस्थिरता म्हणजे काय तेही ठरलेले आहे. जमिनीलगतची उष्ण आणि दमट हवा वर सरकली आणि भोवतालच्या हवेपेक्षा उबदारच राहिली, तर ती परत खाली येत नाही, वर वरच चढत जाते, आणि त्यातून उंच ढग, विजा व वळवाचा पाऊस उद्भवतो. म्हणून ‘वातावरणात अस्थिरता निर्माण झाली आहे’ हे वेधशाळेचे वाक्य अगदी काटेकोर असते. रोज हवा बदलते एवढेच म्हणायचे असेल तर ‘हवामान सारखे बदलते आहे’ असे लिहावे, आणि पेरणीच्या वेळी दगा देणाऱ्या पावसाला शेतकरी म्हणतात तसे ‘लहरी’ किंवा ‘बेभरवशाचा’ म्हणावे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला सुमारे 74 मिलिमीटर. ही तफावत सांगण्यासाठी ‘असमान’ किंवा ‘विषम’ हा शब्द आहे, ‘अस्थिर’ नव्हे.

हलण्याची मराठी क्रियापदे

संस्कृत शब्दांच्या मागे धावताना आपण घरची क्रियापदे विसरतो, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण या बाबतीत मराठी अतिशय समृद्ध आहे. पाय आखूड असलेले टेबल डुगडुगते, त्याला खाली कागदाची घडी सारली की भागते. डळमळते ते पक्के रोवलेले काहीतरी, ज्याचा पाया सुटू लागला आहे : खांब, सिंहासन, सरकार, विश्वास. डगमगते ती होडी, आणि माणसाच्या बाबतीत हे क्रियापद बहुधा नकारातच शोभते. ‘तो न डगमगता बोलला’ असे आपण सहज म्हणतो. भीतीने किंवा अशक्तपणाने पाय लटपटतात, भरलेल्या कळशीतले पाणी हिंदकळते, दारू प्यालेला माणूस झोकांड्या खातो, जास्त भरलेली हातगाडी कलते आणि मग कलंडते. सांधे सैल झालेली खुर्ची खिळखिळी होते आणि पाया खचलेली भिंत ढासळते. यांतील एका क्रियापदाच्या जागी दुसरे घालून पाहा. टेबल ढासळत नाही आणि पाणी डुगडुगत नाही.

म्हणून वाक्यात ‘अस्थिरता निर्माण झाली आहे’ असे आले की त्याऐवजी एखादे क्रियापद चालते का ते आधी पाहावे. ‘युतीमध्ये अस्थिरता निर्माण झाली आहे’ यापेक्षा ‘युती डळमळू लागली आहे’ हे वाक्य छोटे आहे आणि त्यात चित्रही आहे.

माणसाविषयी लिहिताना

मनाच्या बाबतीत ‘चंचल’ हा शब्द दोषाचाही आहे आणि कौतुकाचाही. लहान मुलाला, डोळ्यांना, हरिणाला चंचल म्हटले तर त्यात माया असते. लक्ष्मीला चंचला म्हणताना ती एका घरी टिकत नाही एवढेच सांगायचे असते. करुणाष्टके म्हटली जाणाऱ्या घरांत ‘अचपळ’ हा शब्द रोज कानावर पडतो. तेथील ‘अ’ मुळीच नकारार्थी नाही, अचपळ म्हणजे आवरता न येणारे, चंचल असेच मन. तेव्हा प्रत्येक ‘अ’ पाहून उलटा अर्थ काढू नये. निर्णय होत नसेल तर ‘द्विधा’ किंवा ‘दोलायमान’ लिहावे, आणि ‘त्याचे अजून तळ्यात-मळ्यात चालले आहे’ असे बोलीत म्हणावे. घेतलेला निर्णय पुन्हा पुन्हा सोडणाऱ्याची वृत्ती धरसोडीची असते. ‘वारा येईल तशी पाठ फिरवणारा’ मात्र अस्थिर नसतो, तो संधिसाधू असतो, आणि त्याला अस्थिर म्हणणे म्हणजे त्याची जबाबदारी कमी करणे होय.

एखाद्या व्यक्तीला ‘मानसिकदृष्ट्या अस्थिर’ म्हणण्याची सवय मात्र सोडूनच द्यावी, असा माझा आग्रह आहे. या दोन शब्दांत आजार कळत नाही, घटना कळत नाही, पण माणसावर शिक्का कायमचा बसतो आणि तो त्याच्या नोकरीपर्यंत, भाड्याच्या खोलीपर्यंत त्याच्या मागे जातो. प्रत्यक्षात काय दिसले ते लिहावे : तो रात्रभर झोपला नव्हता, तो सैरभैर फिरत होता, तिच्यावर उपचार चालू होते. रुग्णालयाच्या निवेदनातील ‘प्रकृती स्थिर आहे’ किंवा ‘अस्थिर आहे’ हा वापर वेगळा. तेथे नाडी, रक्तदाब आणि श्वसन यांच्याविषयी डॉक्टर बोलत असतात.

पोटापाण्याच्या अस्थिरतेसाठी आपल्याकडे ‘हातावर पोट असणे’ ही नेमकी शब्दयोजना आहे. सकाळी नाक्यावर कामाची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या मजुराची परिस्थिती ‘आर्थिक अस्थिरता’ या शब्दांत मावत नाही. दर 11 महिन्यांनी भाडेकरार संपला की सामान उचलणाऱ्या कुटुंबाला ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. टिकण्याची आशाच नसलेल्या गोष्टीला ‘अळवावरचे पाणी’ म्हणतात. तो क्षणभंगुरतेचा भाग आहे.

लेखन आणि रूपे

शेवटी तपासणीच्या वेळच्या काही बाबी. ‘अस्थिर’ मधील ‘स्थि’ ऱ्हस्वच आहे. गरीब, वकील यांसारख्या अकारान्त शब्दांत उपान्त्य इकार दीर्घ लिहिला जातो, म्हणून सवयीने ‘अस्थीर’ लिहिले जाते, पण तत्सम शब्दांना हा नियम लागू होत नाही. ‘अस्थिर’पासून ‘अस्थिरता’ होते आणि ‘स्थैर्य’पासून ‘अस्थैर्य’. दोन्ही भाववाचक नामेच असल्याने ‘अस्थैर्यता’ लिहिणे हे ‘सौंदर्यता’ लिहिण्याइतकेच चुकीचे. त्याच कारणाने ‘चांचल्य’ किंवा ‘चंचलता’ यांपैकी एकच लिहावे, ‘चांचल्यता’ नको. लिंगही सांभाळावे : ती अस्थिरता, ते अस्थैर्य, तो डळमळीतपणा. ‘अस्थिरता’ ही येते, वाढते, कमी होते, दूर होते. ‘माजते’ तो गोंधळ आणि ‘पसरते’ ती अफवा. एकाच परिच्छेदात हा शब्द दुसऱ्यांदा आला तर तो केवळ पुनरुक्ती टाळण्यासाठी बदलू नये, कारण ‘अस्थिरता’च्या जागी नुसता वेगळेपणासाठी घातलेला ‘अनिश्चितता’ हा शब्द वाक्याचा अर्थच बदलून टाकतो. तेथे पुनरुक्ती राहिलेली बरी.